शेळीपायी जावई

दारात मोटार येऊन उभी राहते, आत धडधाकट माणूस बसलेलं असतं आणि ते उतरत नाही. याला काय म्हणायचं? आजारी म्हणावं तर जळगावपासून स्वतः गाडी हाकत आलेला. लंगडा म्हणावं तर माझ्या मांडवात वरातीपुढं नाचलेला. काचा वर, मान ताठ, आणि नजर अशी, की समोर माझं घर नाही, कलेक्टर कचेरी आहे आणि पुकारा झाल्याशिवाय साहेबांना आत जाता येत नाही.

हा माझा धाकटा जावई, हेमकांतराव. गावात आजही सांगतात की द्वारकाबाईनं एका शेळीपायी प्रोफेसर जावई घालवला. सांगू देत. शेळी माझी होती आणि जावईही माझाच होता. कोण कशापायी गेलं ते मला ठाऊक आहे.

अधिक ज्येष्ठ चालला होता. धाकट्या नलूच्या लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना, म्हणून दोन्ही जावयांना मळ्यात बोलावलं होतं. थोरल्या शकूचं लग्न होऊन वर्षं झाली होती, पण वाण द्यायचं ते दोघांना बरोबरीनं, असं मी ठरवलं होतं. दोन चांदीची ताटं, दोन दिवे, घरचे अनारसे. आमचे हे गेल्यापासून केळीची बाग मीच बघत होते. दुसरी इयत्ता शिकलेली बाई काय बाग बघणार, असं म्हणणारे भाऊबंद पुढं माझ्याकडूनच लावणीला केळीचे मुनवे, म्हणजे कोंब, मागायला येत होते. तेव्हा मानपान कसा करायचा हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

हेमकांतराव जळगावच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. कॉलेजात शिकवत असतील ते असतील, पण घरी आले की शिकवणं थांबायचं नाही. चुलीवर दूध उतू गेलं तर ते का उतू गेलं हे सांगायचे. फडकं घेऊन उचलायचे नाहीत. एकदा माझ्या पायाला काटा रुतला, तर टोकावर जोर कसा एकवटतो यावर भाषण झालं. काटा शेवटी भिकानं काढला. भिका म्हणजे आमचा सालदार.

त्या दिवशी थोरला जावई मुरलीधर दुपारीच येऊन पोचला. त्याच्या केळीच्या गाड्या दिल्लीला जायच्या, पण स्वतः मात्र एस्टीनं आला. उन्हानं काळवंडलेला, खांद्यावर पिशवी. मी ओवाळलं, पाय धुतले, चहा दिला. तो ओट्यावर बसून पाटाच्या पाण्याचं काहीतरी विचारत होता, तेवढ्यात पांढरी मोटार फाटकातून आत वळली. मोटार मित्राची, पण तोरा मालकाचा. साडूला ओट्यावर कुंकू लावून बसलेला बघितला मात्र, ब्रेक असा गचकन दाबला की पुढचा बंपर जाऊन कुंपणाच्या काटेरी तारेला टेकला. इंजिन बंद झालं. माणूस काही बाहेर येईना.

नलू चार दिवस आधीच माहेरी आली होती. ती धावत गेली, काचेवर बोट वाजवलं. काच चार बोटं खाली झाली, आत काही पुटपुट झाली, काच पुन्हा वर. पोरगी परत आली ती तोंड एवढंसं करून.

"काय म्हणतात प्राध्यापक?"

"आई, भाऊजींना आधी ओवाळलंस म्हणून..."

"तो आधी आला. आधी येईल त्याला आधी ओवाळतात. का मला चार हात आहेत?"

"ते म्हणतात, आपण येणार हे माहीत होतं, थांबायला हवं होतं."

"थोरला जावई अंगणात उन्हात उभा ठेवायचा? वाळवण आहे का ते?"

नलूनं मान खाली घातली. "तू स्वतः गाडीपाशी यायचं. तिथंच पाय धुवायचे. तोवर उतरणार नाहीत. आणि..."

"आणखी आहे का?"

"तोवर कुणाशी एक अक्षर बोलणार नाहीत. अबोला धरलाय."

शकू आत धोंडे तळत होती. तिथून ओरडली, "धरू दे गं! तेवढाच कानांना विसावा!"

मुरलीधर उठला. "मामी, मी जातो. पडतो त्याच्या पाया. साडूच आहे, माझं काय जातंय त्यात?"

"तुमचं काही जात नाही, मुरलीधरराव. माझं जातं. बसा खाली."

मग आम्ही बसलो. तोही बसला. ओट्यावर आम्ही, मोटारीत तो. पश्चिमेकडं आभाळ तांबूस झालं होतं आणि वारा सुटला होता. आमच्याकडं त्या दिवसांत वावटळ उठली की केळीच्या जिवावरच उठते. पानं फाटून झिरमिळ्या होतात, घड लागलेली झाडं कमरेत मोडतात. माझा जीव बागेत होता आणि डोळे मोटारीवर. भिका म्हणाला, "मालकीणबाई, वाऱ्यानं मोटार हलायला लागली, पण आतला काही हलत नाही." त्याला म्हटलं, "त्याच्या डोक्यात आधीच वारा शिरलाय. हा बाहेरचा त्याला काय हलवणार?"

हसलो सगळे. नलू हसली नाही. ती आत गेली, आणि मी पाणी प्यायला गेले तर माठामागं उभी राहून डोळे पुसत होती.

"अगं, रडतेस काय? तासभर बसेल, भूक लागेल, उतरेल."

"इथं उतरतील गं. घरी गेल्यावर काय?"

"घरी काय?"

तिनं पदर तोंडाशी धरला. "आई, तुला सांगितलं नाही मी. संक्रांतीला त्यांच्या मित्रासमोर मी मध्ये बोलले, तेव्हापासून होळीपर्यंत बोलले नाहीत माझ्याशी. एक शब्द नाही. ताट वाढलं की जेवायचे, आणि उठून जायचे. मी ताप येऊन पडले होते, तरी नाही. भिंतीशी बोलायचे मी. वेड लागेल असं वाटायचं."

माझी पोर दीड वर्ष त्या घरात होती, आणि प्रत्येक वेळी विचारलं की "छान चाललंय" म्हणायची.

"तू गेलीस तर निभावेल," ती म्हणाली. "नाही गेलीस तर या वेळी दिवाळीपर्यंत जाईल."

मी पितळेची परात घेतली आणि तांब्या माठात बुडवला. माझा ताठा मोठा होता, पण पोरीच्या जिवाएवढा नव्हता.

ओट्यावर येऊन ओवाळून टाकायला तांब्यावर भाकरीचा तुकडा ठेवत होते, तेवढ्यात पंपाच्या बाजूला काहीतरी काडकन मोडलं. मला वाटलं, गेली झाडं. मोटारीतली मान पहिल्यांदा वळली. तो त्या बाजूला बघत राहिला, मग दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले आणि मांडी घालून बसला.

"बघ," मी नलूला म्हटलं, "आता तर मांडी घातली. अंथरूण पाठवायचं का विचार."

आम्ही मायलेकी निघालो. दोघी अनवाणी. फाटकापाशी सकाळी पाट फुटला होता, तिथं सगळा राडा झालेला. घोट्यापर्यंत पाय बुडाले. मी परात धरलेली, नलू तांब्या घेऊन माझ्या अंगाला चिकटून चाललेली. दारापासून दोन हातांवर उभी राहिले आणि जन्मात कुणाला बोलले नसेन इतक्या गोड आवाजात म्हटलं, "जावईबापू, उतरा. पाय धुते."

काही नाही.

"उतरा. चूक झाली असेल तर पोटात घाला. धोंडे गार होतात."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग तांब्याकडं, आणि मग माझ्या चिखलात बुडालेल्या पायांकडं. बराच वेळ पायांकडंच बघत होता. मला वाटलं, पाहून घेतोय, सासू किती खाली आली ते. कपाळावर घामाच्या धारा होत्या. काचा बंद केल्यावर उकडणारच. ओठ मात्र शिवल्यासारखे.

"मी उघडते दार," नलू म्हणाली आणि तांब्या डाव्या हातात घेऊन उजवा हात दाराच्या मुठीकडं नेला.

तिथं माझं डोकं फिरलं. तिच्या मनगटावर मी असा फटका हाणला की काकणं वाजली. "हात मागे घे! तू काय त्याची चपराशी आहेस? त्याला हात आहेत, आतून कडी आहे. उघडेल!"

तांब्या चिखलात पडला. नलूचा हात मुठीपासून बोटभर अंतरावरून मागं आला. मी तिला दंडाला धरून ओढलं आणि घराकडं वळले. त्याच वेळी वाऱ्याला भ्यालेली आमची शेळी दावं तोडून आली. मोडून पडलेलं केळीचं पान तिला कुंपणापलीकडं दिसलं, आणि तिनं पुढचे दोन पाय उचलून तारेवर ठेवले.

ओरडलीसुद्धा नाही. तारेला चिकटून नुसती थरथरली आणि मग पोतं पडावं तशी बाजूला पडली.

"काय झालं गं हिला!" म्हणत भिका धावला. पण मुरलीधरनं ओट्यावरून उडी टाकून त्याला मागून सदऱ्याला धरलं. "हात लावू नको! कुंपणात लाईट उतरली! मामी, मागं सरा! मोटारीला शिवू नका, ती तारेला टेकलीय!"

तो तसाच रस्त्यावरच्या विजेच्या डीपीकडं पळाला. मी नलूला कवटाळून उभी होते. ती आपल्या उजव्या हाताकडं बघत होती.

मुरलीधर धापा टाकत परत आला. "पाडला खटका. पंपाची तार तुटून कुंपणावर पडलीय."

तेव्हा मोटारीची काच चार बोटं खाली झाली. अबोला सुटला.

"नक्की बंद केलंय ना?"

"केलंय."

"डीपीवरून? का नुसतं पंपाचं बटण?"

"डीपीवरून, हेमकांतराव. उतरा आता."

ते उतरले. पाय कुणी धुतले नव्हते, पण त्याची आठवण काढली नाही. कोरडी जागा बघून बूट टेकवत ओट्यावर आले, पाणी मागितलं, गटागटा प्यायले. रंग जरा परत आला, तशी जीभही परत आली. शकूनं अनारशांचा पत्र्याचा डबा समोर ठेवला होता, तो ओढला, झाकण काढलं आणि आमचा वर्ग सुरू झाला.

"समजा, हा डबा म्हणजे गाडी. आणि हा अनारसा म्हणजे मी." अनारसा डब्यात ठेवून झाकण लावलं. "आता डब्याला कितीही वीज द्या. धातूला दिलेली वीज धातूच्या बाहेरच्या अंगालाच राहते. आत पोकळीत तिचं काही चालत नाही. अनारसा सुखरूप!"

भिका तोंड उघडं टाकून ऐकत होता. "म्हणजे मोटारीत वीज होती, आणि तुम्हाला काही झालं नाही?"

"काय होणार? कुंपण, बंपर, दार, छप्पर, सगळं धातूचं, सगळं एकमेकांना लागलेलं. सगळीकडं सारखाच दाब. मी त्याच्या आत. वीज वाहते ती दाबात फरक असला तर. तारेवर पाखरू बसतं, ते मरतं का?"

"नाही मरत."

"बरोबर. कारण त्याचे दोन्ही पाय तारेवरच असतात."

"आणि बाहेरून कुणी हात लावला तर?"

"तो संपला," हेमकांतराव चहाचा घोट घेत म्हणाले. "हात गाडीला, पाय ओल्या जमिनीवर. विजेला वाट मिळाली. शेळीचं तेच झालं."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, हे मला नंतर वायरमननंही सांगितलं. विद्येबद्दल माझं काही म्हणणं नाही.

मुरलीधर सरळ माणूस. कौतुकानं म्हणाला, "पण तुम्हाला आत बसून कसं कळलं?"

"कळलं म्हणजे? मी बघितलं ना!" आता तर ते खुलले. "तार तुटताना बघितली. खांबावरून निसटली, कुंपणावर आली, एक ठिणगी उडाली. बंपर तारेला टेकलाय हे माझ्या लक्षात होतंच. लगेच हिशेब केला आणि पाय वर घेतले. खरं तर पाय घ्यायचीही गरज नव्हती, पण सावधगिरी. दुसरा कुणी असता तर घाबरून दार उघडून उतरायला गेला असता, आणि एक पाय जमिनीवर टेकताच खलास."

शकू आतून झारा घेऊन आली होती, ती तिथंच उभी राहिली.

मी विचारलं, "तार तुटली तेव्हा आम्ही कुठं होतो?"

"तुम्ही? इथंच. ओट्यावर. तांब्यावर काहीतरी ठेवत होतात."

"म्हणजे आम्ही निघायच्या आधी."

"हो, आधी..." आणि तिथं त्यांची जीभ अडखळली.

नलू खांबाला टेकून उभी होती. तिनं विचारलं, अगदी हळू, "मग सांगितलं का नाहीत?"

त्यांनी सगळ्यांकडं बघत हसायचा प्रयत्न केला. "मी बोलत नव्हतो ना तुमच्याशी."

कुणी हसलं नाही.

"म्हणजे, तसं नाही. सासूबाई पाय धुवायला येत होत्या. दाराला हात लावायचा प्रश्न नव्हता."

मुरलीधर म्हणाला, "दार उघडल्याशिवाय पाय कसे धुणार होत्या?"

"मी डोळ्यांनी खुणावत होतो!"

"माझ्या पायांकडं बघत होतात तुम्ही," मी म्हटलं. "चिखल किती आहे ते."

"अहो, ओरडलो असतो तर उलट गोंधळ झाला असता. घाबरून कुणी गाडीलाच धरलं असतं. आणि मी एकदा म्हटलं होतं, बोलणार नाही. आधी मीच तोंड उघडलं असतं तर काय राहिलं असतं माझं? तुम्ही सगळे हसत होतात मला ओट्यावर बसून. दिसत होतं मला."

दिसत होतं. त्यांना सगळं दिसत होतं.

नलूनं उजवं मनगट डाव्या हातात धरलं होतं. माझ्या फटक्याचा लाल वळ उठला होता तिथं. हेमकांतरावांनी चहाचा कप खाली ठेवला, उभे राहिले, घड्याळाकडं बघितलं.

"चल नलिनी. आवर. दिवस बुडायच्या आत निघू. इथं आता जेवणात कुणाचं मन नाही."

मी पोरीकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर तिनं माझ्या तोंडाकडं बघून उत्तर दिलं असतं. दीड वर्ष ती लोकांच्या तोंडाकडं बघूनच उत्तरं देत होती. मी समोरच्या आडव्या पडलेल्या केळीकडं बघत बसले.

"तुम्ही निघा," नलू म्हणाली.

"म्हणजे?"

"तुमची बॅग गाडीत आहे. माझी इथं आहे. ती इथंच राहू दे."

"नलिनी, मूर्खपणा करू नकोस. लोक काय म्हणतील? मी पुन्हा न्यायला येणार नाही, सांगून ठेवतो. आणि पुन्हा शब्दही बोलणार नाही तुझ्याशी."

"बरं," ती म्हणाली.

इतका लहान शब्द, पण तो ऐकून प्राध्यापक माझ्याकडं वळले. "सासूबाई, तुम्ही तरी सांगा तिला. एवढ्याशा गैरसमजापायी..."

मी उठले. आत जाऊन चांदीचं ताट आणलं, त्यात दिवा ठेवला, अनारसे रचले, वर वस्त्र झाकलं. अधिकात जावई रिकाम्या हातानं दारातून जाऊ द्यायचा नाही, ही आमची रीत. त्यांचं त्यांना द्यायलाच हवं होतं. मोटारीपर्यंत गेले. आता तिच्यात वीज नव्हती, तरी मुरलीधरनं बंपर तारेपासून सोडवून गाडी मागं ढकलून घेतली होती. भिका शेळीवर पोतं घालत होता.

मी ताट त्यांच्या हातात दिलं. घ्यावं की नाही ते त्यांना कळेना, पण चांदी होती, घेतलं.

"सासूबाई," ते म्हणाले, "तुम्ही मला शिक्षा करताय. त्या वादळात माझा काय दोष? तार मी तोडली का?"

"नाही हो," मी म्हटलं. "तार वाऱ्यानं तोडली. तुम्ही हुशार आहात आणि जे सांगितलंत ते सगळं खरं आहे. पण त्या तारेला डोळे नव्हते, हेमकांतराव. समोर माझी पोर येतेय हे तिला दिसत नव्हतं. तुम्हाला दिसत होतं. तारेजवळ मी माझी पोर पुन्हा जाऊ देईन, तुमच्याजवळ नाही."